सोलापुरात माध्यमाचा धंदा करायचा तर बेटांकडे बघा

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची भरली ४३ लाख १७ हजार ७५६. म्हणजे आपल्या अकरा तालुक्यांत दहा आइसलँड आरामात बसतात. तरी त्या बेटावर स्वतःच्या भाषेतली नभोवाणी आहे, टीव्ही आहे, वर्तमानपत्रं आहेत, तिथल्या मालिका बाहेरच्या देशांत विकल्या जातात. आणि आपल्याकडे नव्या पेठेतला दुकानदार म्हणतो, "लोकल जाहिरातीत काय राम राहिला नाही मालक, सगळं पुण्याच्या एजन्सीला दिलंय."

आइसलँडकडे स्वतःचं सरकार आहे, कर लावायचा अधिकार आहे, तो आपल्याकडे नाही, हे मान्य. पण लहान बेटांच्या माध्यमांना जे आजार आहेत तेच सोलापूरच्या माध्यमांना आहेत. पहिली प्रत काढायचा खर्च वाचक दहा हजार असले तरी तेवढाच आणि दहा लाख असले तरी तेवढाच, त्यामुळे लहान बाजारात माणशी खर्च जास्त पडतो. बाहेरचा तयार माल स्वस्तात येऊन पडतो. काम शिकलेली पोरं निघून जातात. जाहिरातीचा पैसा गावातून उठतो आणि दूरच्या कंपन्यांच्या खात्यात जमा होतो. जमैका, माल्टा, फिजी, मॉरिशस, सगळ्यांची हीच रड. त्यातल्या काहींनी त्यावर मार्ग काढले, काहींनी हात पोळून घेतले. दोन्हींतून आपल्या कामाचं काय, ते क्रमाने सांगतो. साप्ताहिक काढणारा, यूट्यूबवर बातम्या देणारा, केबलचं बुलेटिन चालवणारा किंवा लग्न आणि जाहिराती शूट करणारा स्टुडिओवाला, या सगळ्यांना हे लागू आहे.

आधी वही उघडा

कॅमेरा बदलायच्या आधी, नवा चॅनेल काढायच्या आधी, मागच्या बारा महिन्यांचा जमाखर्च काढा. तीन रकाने पुरतात: पैसा कोणाकडून आला, कशासाठी आला, आणि येईपर्यंत किती दिवस लागले. तिसरा रकाना कोणी लिहीत नाही, आणि धंदा बुडतो तो तिथेच. बिल झालं म्हणजे पैसा आला असं धरून लोक छपाईवाल्याला शब्द देऊन बसतात.

मग एकेका गिऱ्हाइकाचा वाटा काढा. माझा अंदाज असा की बहुतेकांच्या वहीत एकच नाव अर्ध्याच्या वर निघेल: सरकारी जाहिरात, एखादा साखर कारखाना, एखादा बिल्डर, नाहीतर निवडणुकीच्या वर्षातला एखादा नेता. अशा वेळी त्या एका गिऱ्हाइकाचा वाटा दर सहा महिन्यांनी थोडा थोडा खाली आणायचा, हे लक्ष्य ठेवा. त्याला सोडायचं नाही, बाकीचे वाढवायचे. एकाच्या जिवावर चालणाऱ्या पेपरात त्या एकाविरुद्ध बातमी लागत नाही, आणि हे वाचकाला तुमच्या आधी कळतं.

फुकट वाटपाचा मोह होईल. आइसलँडमध्ये 'फ्रेट्टाब्लादिद' नावाचं फुकट दैनिक होतं, घरोघर पडायचं, देशात सगळ्यात जास्त वाचलं जायचं. सगळा भार जाहिरातीवर. कागद आणि वाटप परवडेना तेव्हा २०२३च्या जानेवारीत त्यांनी घरपोच वाटप थांबवलं, ठरावीक ठिकाणी गठ्ठे ठेवायला लागले, आणि मार्चअखेर पेपरच बंद झाला. वाचक भरपूर होते. पण त्यांच्यापैकी कोणी कधी एक पैसाही दिलेला नव्हता, त्यामुळे अडचणीच्या वेळी त्यांच्याकडे जायची सोयच नव्हती. वर्गणी कितीही थोडी असू दे, ती घ्यायची सवय लावा.

दुसऱ्याला जमणार नाही ते निवडा

देशाच्या राजकारणावर सोलापुरात बसून चर्चा करणारे चॅनेल मला कळत नाहीत. तोच विषय मुंबई-दिल्लीचे पन्नास लोक जास्त पैसे ओतून करतात. तिथे आपण का हरायचं?

फॅरो बेटांवर पन्नास-पंचावन्न हजार माणसं राहतात आणि त्यांच्याहून जास्त मेंढ्या. २०१६ साली गूगलच्या नकाशात त्यांच्या रस्त्यांची चित्रं नव्हती. तिथल्या पर्यटन मंडळाने मेंढ्यांच्या पाठीवर ३६० अंशांचे कॅमेरे बांधले आणि चित्रं स्वतःच नकाशावर चढवली. बातमी जगभर गेली, आणि गूगलने कॅमेरे पाठवले. ते स्वस्तात झालं म्हणून मला आवडतं असं नाही. मेंढी ही त्यांचीच गोष्ट होती, दुसऱ्या कोणाला ती उचलून नेता येण्यासारखी नव्हती, हे महत्त्वाचं. जमैकाने रेगे या आपल्या संगीताचं तेच केलं: किंग्स्टन २०१५ साली युनेस्कोच्या संगीतनगरींच्या यादीत गेलं, २०१८ साली रेगे अमूर्त वारशाच्या यादीत.

आपल्याकडे असं काय आहे याची यादी करायला बसलात तर कागद पुरणार नाही. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तिचे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. आषाढीचं पंढरपूर. शहराच्या पूर्व भागातले यंत्रमाग आणि नक्षी पाडणाऱ्या जेकॉर्डवर विणली जाणारी चादर. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, उजनीच्या पाण्याचं राजकारण, हत्तरसंग कुडलचा शके ९४०चा शिलालेख. १९३०चा मार्शल लॉ, आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे. यातलं बहुतेक आपण फक्त त्या-त्या दिवशी दोन मिनिटांची बातमी करून सोडून देतो.

यादीतून दोनच विषय घ्या आणि वर्षभर धरून बसा. ते कसं करायचं, हे यंत्रमागाच्या उदाहरणावरून सांगतो.

कारखान्यात माग चालू असताना मुलाखत घेऊ नका. धोट्याचा आवाज इतका असतो की कॉलरचा माइक लावला तरी शब्द खडखडाटात बुडतो, आणि एडिटिंगला बसल्यावर तो आवाज काढू म्हटलं तर माणसाचा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. जेवणाच्या सुट्टीत माग बंद होतात, तेव्हा बोलायला बसा. माग चालू झाल्यावर नुसता आवाज वेगळा टिपून ठेवा: एक माग, मग रांग, मग दाराबाहेरून. मुलाखतीखाली तो हळू वाजवला की कारखाना ऐकू येतो आणि बोलणंही कळतं. कांड्या भरणाऱ्या बाईचा हात जवळून घ्या, तुटलेला धागा गाठ मारून पुन्हा चालू करताना घ्या. मालकाची खुर्चीतली मुलाखत शेवटी. फिरत्या पट्ट्यांजवळ ट्रायपॉड उभा करू नका. आणि कामगाराला विचारून घ्या. मालकाची परवानगी मिळाली म्हणजे कामगाराची मिळाली असं होत नाही.

हे एकदा नीट जमवलं की त्याच चित्रणातून बातमी होते, वीस मिनिटांचा माहितीपट होतो, चादरवाल्यांसाठी जाहिरात होते, आणि बाहेरच्या निर्मात्याला विकायला साठाही होतो. लहान बाजारात एकाच चित्रणाने चारदा पैसा आणला पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याचा हप्ता निघत नाही.

गावाकडचं दाखवलं तर बाहेर कोण बघणार, असं कोणी म्हणालं तर करमाळा तालुक्याकडे बोट दाखवा. नागराज मंजुळे तिथल्या जेऊरचे, आणि २०१६चा 'सैराट' त्यांनी करमाळ्याच्याच परिसरात, तिथल्याच बोलीत केला. ती भाषा गुळगुळीत केली असती तर तो इतका चालला नसता, असं माझं मत आहे.

भाषा चार, खर्च सव्वा

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तिथलं सरकारी प्रसारण मंडळ क्रिओल, फ्रेंच, भोजपुरी, हिंदी यांच्याबरोबर तेलुगू आणि मराठीतसुद्धा कार्यक्रम देतं. इतक्या लहान बेटावर मराठी बुलेटिन चालतं आणि सोलापुरात तेलुगू बुलेटिन म्हटलं की लोक हसतात, हे अजब आहे.

पूर्व भागात घराघरात तेलुगू बोललं जातं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शिवाय दखनी उर्दू. तेच चित्रण, तीच बातमी, फक्त निवेदन दुसऱ्या भाषेत. वाढीव खर्च एका निवेदकाचा आणि थोड्या एडिटिंगचा. पण पुस्तकी तेलुगू नको. हैदराबादच्या वाहिनीची नक्कल केली तर लोक हैदराबादच बघतील. आपल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत जशी बोलतात, मराठी शब्द मिसळून, तशीच ठेवा. सुरुवात आठवड्याच्या एका भागाने करा. रोजचं अंगावर घेऊ नका. आणि त्या भागाची जाहिरात मागायला चाटी गल्लीत जाताना तीच भाषा बोलणारा माणूस बरोबर न्या.

एकटे धावू नका

कॅरिबियन बेटांना १९७०च्या दशकात कळून चुकलं की प्रत्येक बेटाने दुसऱ्या प्रत्येक बेटावर बातमीदार ठेवणं कोणालाच परवडणार नाही. १९७६ साली त्यांनी मिळून कॅरिबियन न्यूज एजन्सी उभी केली. पुढे २००० साली तिचा आणि प्रसारकांच्या संघाचा व्यापारी कारभार एकत्र करून कॅरिबियन मीडिया कॉर्पोरेशन झालं. बेटं एकमेकांची स्पर्धक होती, तरी बातम्या गोळा करायचा खर्च वाटून घेतला.

आपल्या जिल्ह्यात आषाढीला काय होतं बघा. प्रत्येक चॅनेलचा एकेक माणूस पंढरपुरात, सगळ्यांची तीच दृश्यं: चंद्रभागा, दर्शनबारी, मुख्यमंत्र्यांची महापूजा. त्याच दिवशी बार्शीत किंवा माळशिरसमध्ये काही घडलं तर तिथे कोणीच नाही. चार-पाच जणांनी एकत्र येऊन सामायिक चित्रणाचा करार करावा. करार दीड पानाचा पुरे, पण कागदावर हवा. त्यात एवढं लिहा: कोणती दृश्यं सामायिक (समारंभ, पूर, अपघात, पत्रकार परिषद) आणि कोणती नाहीत (शोधबातमी, खास मुलाखत), कच्चं चित्रण किती वेळात सगळ्यांना मिळणार, पेट्रोल आणि मुक्कामाचा खर्च कोणत्या प्रमाणात, चित्रणावर नाव कोणाचं, आणि एखाद्याने बाहेरच्या वाहिनीला परस्पर विकलं तर काय. शेवटचं कलम टाळाल तर पहिल्या मोठ्या बातमीला भांडण ठरलेलं.

जाहिरातीचे दर मात्र एकत्र बसून ठरवू नका. स्पर्धकांनी संगनमताने भाव बांधणं कायद्यात बसत नाही.

हक्क कोणाचे, ते कागदावर

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो.

तुवालू हा प्रशांत महासागरातला अकराएक हजार वस्तीचा देश. त्याच्या वाट्याला वेबसाइटच्या पत्त्याचं 'डॉट टीव्ही' हे शेपूट आलं. त्यांनी ते वापरायचे हक्क मोबदला घेऊन दिले, आणि त्या पैशाच्या बळावर २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व घेता आलं. जगाला हवी अशी एक गोष्ट आपल्या मालकीची आहे, हे त्यांनी वेळेत ओळखलं.

आपल्या स्टुडिओत उलट चालतं. सराफाची जाहिरात शूट केली, पैसे घेतले, हार्ड डिस्क कपाटात टाकली. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन एखाद्याने फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केला नाही, तर पहिली मालकी करून घेणाऱ्याची. म्हणजे त्याच चित्रणातला सिद्धेश्वर तलावाचा सुंदर तुकडा तुम्ही दुसरीकडे विकायचा म्हटलात तर तो तुमचा नाही. कोटेशनमध्येच एक ओळ घाला: तयार जाहिरात गिऱ्हाइकाची, गावाची आणि निसर्गाची वापरात न आलेली दृश्यं स्टुडिओची.

हक्क देताना किंवा घेताना कलम १९ डोळ्यांपुढे ठेवा. हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. मुंबईच्या कंपनीने "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर" असा कागद पुढे केला तर सही करायच्या आधी भाव वाढवा, नाहीतर मुदत कापा. आणि बाहेरून बोलावलेल्या कॅमेरामनशी वेगळा कागद करा. तो पगारी नोकर नसतो, त्यामुळे त्याचं काम आपोआप तुमचं झालं असं धरून चालू नका.

साठ्याला नावं द्या. फाइलला तारीख, गाव, प्रसंग, भाषा, परवानगी आहे की नाही, एवढं एका तक्त्यात असू द्या. नाव नसलेलं चित्रण सापडत नाही, आणि न सापडणारं विकलं जात नाही.

बाहेरचे शूटिंगवाले यावेत म्हणून

सवलतीच्या शर्यतीत बेटं फार पुढे गेलीत. आइसलँडने १९९९ साली निर्मितीच्या खर्चाच्या १२ टक्के परताव्याने सुरुवात केली, पुढे २५ टक्के, आणि २०२२ पासून मोठ्या निर्मितीला ३५ टक्के. माल्टा ४० टक्क्यांपर्यंत देतो. फिजीने ७५ टक्क्यांपर्यंत मजल मारली आणि मग २० टक्क्यांवर उतरला. सरकारी तिजोरीतून परदेशी स्टुडिओला किती द्यायचं याला अंत नाही. शेजारच्या बेटाने दोन टक्के जास्त दिले की युनिट तिकडे. माल्टाकडे निदान समुद्राला लागून बांधलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, १९६०च्या दशकापासून. कॅमेऱ्यात टाकीचं पाणी मागच्या खऱ्या समुद्राला जाऊन मिळतं. ती सोय उचलून नेता येत नाही.

आपल्याला सवलत द्यायचा अधिकारच नाही, त्यामुळे तो मोह वाचला. आपण द्यायचा तो वेळ. निर्मात्याचा सगळ्यात महाग खर्च म्हणजे युनिट हॉटेलात बसून परवानगीची वाट बघतं तो दिवस. म्हणून लोकेशनची एक फाइल तयार ठेवा. प्रत्येक जागेचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो, ट्रक कुठवर जातो, वीज कुठून घ्यायची, जवळचं रुग्णालय, आणि परवानगी कोणाची: भुईकोट किल्ल्याला पुरातत्त्व खातं, नान्नजच्या अभयारण्याला वन विभाग, स्टेशनला रेल्वे, रस्त्याला महापालिका आणि पोलीस. यात एक गोष्ट खरं तर पहिल्या पानावर हवी: मार्च ते मे इथे दुपारी बारा ते चार बाहेर काम होत नाही. हे आधी सांगणाऱ्यावर निर्माता विश्वास ठेवतो. लपवलं तर तिसऱ्या दिवशी लाइटबॉय आडवा होतो आणि तुमचं नाव खराब होतं.

जाहिरात विकताना

"एक जाहिरात द्या की मालक" या वाक्याने सुरुवात करू नका. वर्षाचा तक्ता घेऊन जा: लग्नसराई, जूनचे प्रवेश, आषाढी, गणपती, दसरा-दिवाळी, गड्डा. कपड्याच्या दुकानाला लग्नसराई आणि दिवाळी, क्लासला मे-जून, रुग्णालयाला वर्षभर थोडं थोडं. दर छापील ठेवा आणि सगळ्यांना तोच सांगा. चाटी गल्लीत एकाला दिलेला भाव संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलेला असतो.

छापील जागेच्या जाहिरातीवर जीएसटी ५ टक्के, डिजिटल जाहिरातीवर १८. पेपर आणि चॅनेल दोन्ही चालवत असाल तर बिलात वेगवेगळं दाखवा, नाहीतर नंतर सीएची बोलणी खाल.

आणि आकडे फुगवू नका. "व्ह्यूज लाखात आहेत" म्हटल्यावर दुकानदार हल्ली लगेच विचारतो, त्यातले सोलापुरातले किती? यूट्यूबच्या स्टुडिओत प्रेक्षकांची माहिती बघता येते. तोच पडदा त्याच्यासमोर उघडा. पुण्याची एजन्सी त्याला हा पडदा दाखवत नाही.

एका तारेवर लटकू नका

१५ जानेवारी २०२२ला टोंगा या बेटांच्या देशात ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि परदेशाशी जोडणारी समुद्राखालची एकुलती एक केबल तुटली. ती जोडणी पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. आपली केबल तुटणार नाही, पण चॅनेलवर कॉपीराइटची तक्रार आली, खातं हॅक झालं, तर तुमचा टोंगाच होतो. स्वतःच्या नावाचं डोमेन आणि साधी वेबसाइट ठेवा. वाचकांचे नंबर स्वतःच्या यादीत, त्यांच्या संमतीने. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो, म्हणून अंकावर, स्क्रीनवर, व्हिजिटिंग कार्डावर "हा नंबर सेव्ह करा" हे ठळक लिहा.

माणसं टिकवण्याबद्दल लांबड लावत नाही. पगार वेळेवर द्या, नाव द्या. विद्यापीठाच्या जनसंज्ञापन विभागातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांना फुकट राबवलंत तर पहिल्या संधीला पुणं गाठतील, आणि बरोबरच करतील.

सुरुवात कधी करायची विचाराल तर दिवाळी झाल्यावर. जमाखर्चाची वही नोव्हेंबरात, सामायिक करार आणि कोटेशनचा नवा मसुदा डिसेंबरात, आणि पहिली परीक्षा गड्ड्याला. चार जणांनी वाटून घ्या: एक संमती कट्ट्यावर, एक नंदीध्वजांच्या मार्गावर, एक होम मैदानावरच्या दुकानांत, आणि एकाने ऑफिसात बसून त्याच दिवशी फाइलींना नावं द्यायची. चौथ्या कामाला कोणी तयार होणार नाही. ते ज्याच्या नावावर हार्ड डिस्क आहे त्यानेच करावं.